तिन्नावा?

चिलवेरी सर गेले, तेव्हा त्यांच्या घरून
एक वही माझ्याकडं आली.
हिरव्या पुठ्ठ्याची, सूतगिरणीच्या हिशेबाची.
तिच्यात मी गोल शोधत बसलो.

एकही नाही.

एकोणीस वर्षं कॉलेजात, त्यातली सहा तासिका तत्त्वावर,
पगार कधी दिवाळीला, कधी थेट गड्ड्याच्या जत्रेला.
मग दोन हंगाम त्या मोठ्या क्लबात, समुद्राकाठी,
जिथं गवताला आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाणी मिळायचं.
आणि वहीत एकाही सामन्याचा निकाल नाही.

नुसती नावं. नावांपुढं:
मादास – चहा, खारी.
मोहसीन – रोजा. पंचेचाळीस मिनिटं, मग सावलीत.
बिराजदार – कडक भाकरी, शेंगाचटणी. पळेल.
गुर्रम – काही नाही. जेवलो म्हणतो. खोटं.

आमचं मैदान म्हणजे बंद गिरणीमागचा तुकडा.
डालड्याच्या डब्याला भोकं पाडून
सर स्वतः फक्कीच्या रेषा मारायचे,
उलटे चालत.
गोलची जाळी त्यांच्या भावानं उरल्या सुतातून विणलेली,
काठाला टॉवेलची किनार.
लागत नव्हती. हाताला सवय.

वॉर्मअप तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडु, मूडु,
शिव्या मराठीत,
पंचाशी भांडण कन्नडमध्ये,
कारण पंच इंडीचा होता.
"बॉलमागं कुठं पळलालास बे?
बॉल येणाराय तिथं आधी जाऊन उभा ऱ्हा."
मी गोलकीपर.
मला म्हणायचे, तू तर आधीच तिथं हायस,
तुला काय शिकवू?

विद्यापीठाच्या फायनलला त्यांनी मला बसवलं.
माझ्या जागी मादासचा धाकटा,
माझ्याहून वीतभर बुटका.
तिन्ही गोल त्याच्या डोक्यावरून गेले.
हरलो, आणि मला बरं वाटलं.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही.
पेपरात फोटो आला, क्लबचा सहायक प्रशिक्षक,
ब्लेझर खांद्यावरून उतरलेला.
अख्ख्या पूर्व भागात पेढे वाटले.
मी घेतला नाही. म्हटलं, दात दुखतोय.

तिथं म्हणे पोरांची ताटं वजन करून यायची.
तरी सर रोज सकाळी एकेकाला विचारायचे, तिन्नावा?
जेवलास का?
घानाचा एक स्ट्रायकर होता, क्वाबेना.
त्याला वाटलं हा इकडचा रामराम.
तोही हात उंचावून म्हणायचा, तिन्नावा!

सलग सात हार.
काढून टाकलं ते फोनवर, रात्री साडेअकराला.
पहाटेच्या गाडीनं सोलापुरात उतरले, ब्लेझर हातावर.
कॉलेजातली जागा भरलेली होती.
चौथ्या दिवशी विडी घरकुलातल्या पोरींसमोर
फक्कीचा डबा घेऊन उभे.
फी विचारली एकीच्या आईनं.
म्हणाले, जेवू घालून पाठवा, बास.

दहाव्याला त्यांच्या मोबाईलवर परदेशातून फोन आला.
बाईंनी घाबरून माझ्या हातात दिला.
पलीकडून कुणीतरी हसत म्हणालं, तिन्नावा?
मला काही सुचेना.
सकाळपासून पोटात पाणी तेवढं होतं.
ते मी सांगितलं, मराठीत.
त्याला काय कळलं असेल.

रात्री ते पान सापडलं.
फायनलची तारीख, अकरा नावं,
आणि खाली, रेषेबाहेर, माझं:
श्रीशैल – मागावर रात्रपाळी, बारा तास.
डबा उघडला नाही. डोळे लाल.
बसवला. रागावेल.

त्याच्या खाली वेगळ्या शाईत,
अक्षर म्हातारं झालेलं:
अजून रागावलाय.

तारीख नाही.